ग्राहकाचे मोल : विक्रीच्या आकड्यापलीकडे

बँकेच्या कोणत्याही शाखेत पाऊल टाकले, की ग्राहकाची थोरवी सांगणारी एक पाटी भिंतीवर हमखास दिसते. महात्मा गांधींच्या नावावर चालत आलेली ही पाटी वर्षानुवर्षे पाहून आपल्या नजरेच्या इतकी सवयीची झाली आहे, की ती आपण वाचतोच असे नाही. ग्राहकाचा मान कसा राखावा, हे ती पाटी सांगते. परंतु व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकापुढे आणखी एक प्रश्न असतो. आपल्या वेळेचे, भांडवलाचे आणि श्रमाचे वाटप करताना कोणत्या ग्राहकाचे मोल किती धरावे? मान सर्वांना सारखाच द्यायचा असतो. मोल मात्र मोजावे लागते. ते चुकीचे मोजले गेले तर काय होते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. त्या अनुभवापासूनच प्रारंभ करतो.

मोठी पार्टी, रिकामी तिजोरी

बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका औद्योगिक वसाहतीतील शाखेत मी कर्ज विभाग पाहत होतो. पितळेचे सुटे भाग तयार करणारे एक लघुउद्योजक आमचे जुने खातेदार होते. चार लेथ यंत्रे, अकरा कामगार आणि स्वतःचे अठरा तासांचे कष्ट, एवढे त्यांचे भांडवल. एके दिवशी ते कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागण्यासाठी आले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "साहेब, यंदा मोठी पार्टी मिळाली आहे. वर्षाचे चाळीस लाखांचे काम आहे. आता फक्त तुमची साथ हवी," ते म्हणाले.

त्या पार्टीचे नाव मोठे होते. ते पाहूनच माझी लेखणी सैल झाली, हे आज प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. उलाढाल वाढणार, म्हणजे नफा वाढणार, म्हणजे परतफेड होणार, अशी सरळ साखळी मी मनाशी जुळवली आणि शिफारस केली. मर्यादा मंजूर झाली.

दीड वर्षात ते खाते अनियमित झाले. विक्री वाढतच होती, पण हातात पैसा नव्हता. दोन धनादेश वटले नाहीत. अकरापैकी चार कामगारांना त्यांनी कमी केले. त्यांतील एक जण त्यांच्याकडे सोळा वर्षे काम करीत होता. तेव्हा एका रविवारी आम्ही दोघे त्यांची खतावणी, चलने आणि बिले पुढ्यात घेऊन बसलो. त्यातून जे चित्र निघाले, ते समजण्यास सोपे जावे म्हणून आकडे थोडे गोळाबेरीज करून देतो.

मोठ्या पार्टीला वर्षभरात ४० लाखांचा माल गेला होता. कच्चा माल व मजुरी वजा जाता २० टक्के, म्हणजे ८ लाख रुपये सुटतात, असा त्यांचा हिशेब होता. पण त्या पार्टीकडून पैसे येण्यास सरासरी १२० दिवस लागत. म्हणजे सुमारे १३ लाख रुपये सतत अडकलेले. १२ टक्के दराने त्यांचे व्याज झाले दीड लाखाहून अधिक. माल रोज थोडा थोडा पोहोचवायचा, त्याचा टेम्पोखर्च १ लाख ९० हजार. परत आलेला माल १ लाख ६० हजारांचा. आरेखनात वारंवार होणारे बदल, त्यासाठी यंत्रे पुन्हा पुन्हा नव्याने जुळवणे आणि जादा पाळीची मजुरी मिळून २ लाख ४० हजार. शिवाय वर्षाअखेरीस २ टक्के सूट, म्हणजे ८० हजार. बेरीज केली तेव्हा ती सव्वाआठ लाखांच्या पुढे गेली. आठ लाखांचा नफा कागदावर होता. प्रत्यक्षात पंचवीस हजारांहून अधिक तोटा होता.

त्याच वहीत बारा लहान वर्कशॉपांची खाती होती. सर्वांची मिळून विक्री अवघी १५ लाखांची. पण ही मंडळी माल स्वतः येऊन नेत, महिन्याभरात पैसे देत आणि ठरावीक मापाचाच माल मागत. त्यांच्यापासून सर्व खर्च वजा जाता सव्वादोन लाख रुपये खरोखर सुटत होते. मोठ्या पार्टीच्या घाईत या बारा जणांचा माल मागे पडत गेला आणि त्यांपैकी निम्मे दुसरीकडे वळले होते.

वही मिटताना ते गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, म्हणजे मी ज्यांच्यावर जगत होतो, त्यांनाच थांबायला सांगत होतो." त्या वाक्यात माझीही चूक होती. उलाढालीचा आकडा पाहून मत बनवणारा मी एकटा नव्हतो. पण कागद तपासण्याचे काम माझे होते.

कांथालचा धडा

असे केवळ लहान कारखानदारांच्याच बाबतीत घडते, असा समज होण्याचे कारण नाही. स्वीडनमधील कांथाल ही विद्युत तापतारा आणि त्यांसाठी लागणारे मिश्रधातू तयार करणारी नामांकित कंपनी. १९८० च्या दशकात तिच्या व्यवस्थापनाने प्रत्येक ग्राहकामागे होणारा खरा खर्च शोधून काढण्याचे ठरवले. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक रॉबर्ट कॅपलन यांनी या प्रयोगाचा अभ्यास लिहिला आणि तो जगभरच्या व्यवस्थापनशाळांमध्ये शिकवला जाऊ लागला.

निष्कर्ष चकित करणारे होते. कंपनीच्या एकूण नफ्याला १०० मानले, तर केवळ २० टक्के ग्राहक २२५ इतका नफा मिळवून देत होते. ७० टक्के ग्राहक ना नफा ना तोटा अशा काठावर होते. आणि उरलेले १० टक्के ग्राहक १२५ इतका नफा गिळून टाकत होते. २२५ मधून १२५ वजा जाता ताळेबंदात दिसणारे १०० उरत होते. सर्वांत अधिक तोटा देणाऱ्यांमध्ये विक्रीच्या यादीत अग्रभागी असलेले दोन ग्राहक होते.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पारंपरिक हिशेबपद्धतीत कार्यालय, वाहतूक, विक्रीनंतरची सेवा यांचा खर्च विक्रीच्या प्रमाणात सर्वांवर सरसकट वाटला जातो. त्यामुळे ठोक व नियमित माल उचलणारा ग्राहक आणि दर आठवड्याला वेगळ्या मापाचा थोडा थोडा माल मागणारा ग्राहक, हे दोघे कागदावर सारखेच दिसतात. प्रत्यक्षात एक मागणी नोंदवणे, यंत्र जुळवणे, माल बांधणे, बिल करणे आणि वसुलीसाठी फोन करणे, यांना लागणारा खर्च मागणी लहान आहे की मोठी, हे फारसे पाहत नाही. म्हणून खर्च कामागे मोजला पाहिजे आणि मग ते काम ज्याच्यासाठी झाले त्या ग्राहकाच्या नावे मांडला पाहिजे.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. लहान ग्राहकाकडून होणारा तोटाही बहुधा लहानच असतो. मोठा ग्राहक मात्र एक तर मोठा नफा देतो किंवा मोठे नुकसान करतो. म्हणूनच हिशेबाची पहिली गरज मोठ्या खात्यालाच असते, आणि नेमके तेथेच आपण आदरापोटी हिशेब मागत नाही.

एका वर्षाचा नफा की अनेक वर्षांचा?

ग्राहकाचे मोल मोजण्याची दुसरी बाजू काळाची आहे. आज किती मिळाले, याबरोबरच हा ग्राहक किती वर्षे आपल्याकडे राहील, हेही पाहावे लागते. व्यवस्थापनशास्त्रात यास ग्राहकाचे आजीवन मूल्य म्हणतात. संज्ञा जड वाटली, तरी त्यामागील गणित आपल्या किराणा दुकानदारालाही सहज समजेल असे आहे.

समजा, एका कुटुंबाच्या खरेदीतून दुकानदारास वर्षाला २,००० रुपये निव्वळ सुटतात. दर वर्षी १०० पैकी ८० कुटुंबे टिकून राहतात आणि २० अन्यत्र जातात. पुढच्या वर्षीचा रुपया आजच्या रुपयाइतका मोलाचा नसतो, म्हणून १० टक्के व्याजदर धरू. आता २,००० ला ०.८० ने गुणावे आणि १.१० मधून ०.८० वजा करून उरलेल्या ०.३० ने भागावे. उत्तर येते ५,३३३ रुपये. हे त्या कुटुंबाच्या पुढील सर्व वर्षांच्या नफ्याचे आजचे मोल.

त्याच दुकानदाराने तत्पर सेवेने, चोख वजनाने आणि गोड वाणीने हे प्रमाण ८० वरून ९० वर नेले, तर हेच मोल ९,००० रुपये होते, म्हणजे सुमारे ६९ टक्क्यांनी वाढते. याउलट ग्राहक टिकण्याचे प्रमाण तेच ठेवून नफा १० टक्क्यांनी वाढवला, तर मोलही केवळ १० टक्क्यांनीच वाढते. आलेला माणूस टिकवणे किती लाभाचे असते, हे यावरून स्पष्ट व्हावे. नवे गिऱ्हाईक मिळवण्यासाठी जाहिरात आणि सवलती यांवर माणशी ६,००० रुपये खर्च करणारा दुकानदार पहिल्या परिस्थितीत बुडतो, तर दुसऱ्या परिस्थितीत तरतो. जाहिरात तीच, माल तोच. फरक केवळ टिकण्याच्या प्रमाणाचा.

मात्र येथेही एक सावधगिरी आवश्यक आहे. जुना ग्राहक म्हणजे लाभदायक ग्राहक, असे समीकरण मांडता येत नाही. फ्रेडरिक राइकहेल्ड आणि अर्ल सॅसर यांनी १९९० मध्ये ग्राहक टिकवण्याचे महत्त्व ठामपणे मांडले. पुढे २००२ मध्ये वर्नर राइनार्ट्झ आणि व्ही. कुमार यांनी चार कंपन्यांच्या ग्राहकांची आकडेवारी तपासली, तेव्हा निष्ठा आणि नफा यांचे नाते अपेक्षेहून बरेच सैल आढळले. जुने ग्राहक अधिक सवलतींची अपेक्षा धरतात, अधिक सेवा मागतात, आणि व्यापारीही संकोचापोटी नाही म्हणत नाही. वीस वर्षांच्या संबंधांचा आदर ठेवावा. पण त्या संबंधांचाही वर्षातून एकदा हिशेब करावा.

अंदाज आणि अंतःप्रेरणा

आकडे समोर असूनही आपण चुकतो, याचे कारण आपल्या विचार करण्याच्या सवयीत असते. एखाद्याची मोठी गाडी, इंग्रजी बोलणे किंवा प्रतिष्ठित नाव पाहिले, की उरलेल्या सर्व गोष्टीही चांगल्याच असतील असे मन धरून चालते. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ मध्येच असे दाखवून दिले होते, की माणसांविषयी भाकीत करताना तज्ज्ञांच्या मतापेक्षा काही मोजक्या बाबींवर आधारलेला साधा हिशेब बहुतेक वेळा तितकाच किंवा अधिक अचूक ठरतो.

डॅनियल काहनेमान यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या तरुणपणीची एक हकिगत येथे उपयोगी पडेल. वयाच्या एकविसाव्या वर्षी इस्रायलच्या सैन्यात त्यांच्याकडे नव्या भरतीच्या मुलाखतींची पद्धत सुधारण्याचे काम आले. तोवर मुलाखत घेणारे गप्पा मारून एकूण मत बनवत, आणि ते मत जवळजवळ निरुपयोगी ठरत असे. काहनेमान यांनी सहा गुण निश्चित केले. प्रत्येक गुणासाठी भूतकाळातील वर्तनाविषयी ठरावीक प्रश्न आणि प्रत्येकास स्वतंत्र गुणांक. एकाचे गुण देऊन झाल्याखेरीज दुसऱ्याकडे वळायचे नाही. मुलाखतकार नाराज झाले, तेव्हा त्यांनी एक सवलत दिली : सर्व गुणांक लिहून झाल्यावर डोळे मिटा आणि तुमच्या मनाला काय वाटते तेही लिहा. पुढे तपासले असता सहा गुणांची बेरीज तर उपयुक्त ठरलीच, पण शेवटी डोळे मिटून दिलेला गुणांकही तितकाच उपयुक्त निघाला.

अनुभवी व्यापाऱ्याची अंतःप्रेरणा टाकाऊ नसते. परंतु तिला आधी बोलू दिले, तर ती हिशेब ऐकूनच घेत नाही. म्हणून प्रथम हिशेब आणि नंतर अंतःप्रेरणा, हा क्रम पाळावा.

आपल्या देशात याचे एक सुंदर उदाहरण आहे. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. या महिलांकडे तारण नव्हते, ताळेबंद नव्हता, व्यवसायाचा पूर्वेतिहास नव्हता. प्रचलित मोजमापाने त्यांची पत शून्य होती. तेव्हा मोजमापच बदलले गेले. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब-लेखन, या पंचसूत्रीवर गटाची पारख होऊ लागली. पाच साध्या, तपासता येण्याजोग्या सवयी. महाराष्ट्रात १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळासारख्या संस्थांनी गावोगावी गट बांधले, आणि ज्यांना बँकेची पायरी चढण्याचा संकोच वाटे, त्या भगिनी बँकेच्या विश्वासू कर्जदार झाल्या. त्यांचे मोल आधीही होतेच. ते मोजणारी फूटपट्टी आपल्याकडे नव्हती.

मोजमापाची मर्यादा

फूटपट्टी हाती आली, की ती दंडुक्यासारखी वापरण्याचाही मोह होतो. २००७ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंट या दूरध्वनी कंपनीने सेवा केंद्राला फार वेळा फोन करतात, या कारणास्तव सुमारे एक हजार ग्राहकांना सेवा बंद करीत असल्याची पत्रे पाठवली. हिशेबाने ते ग्राहक तोट्याचे असतीलही. पण त्या पत्रांची बातमी देशभर झाली आणि कंपनीच्या नावाला बट्टा लागला. ग्राहक पुन्हा पुन्हा फोन का करतो, त्याचे बिल चुकते आहे का, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. तोट्याचा ग्राहक हा पुष्कळदा आपल्याच सदोष कामाचा आरसा असतो.

बँकिंग क्षेत्राने तर याबाबत आणखी दूरचे पाहिले पाहिजे. नोव्हेंबर २००५ मध्ये रिझर्व्ह बँकेने अल्प वा शून्य शिलकीची साधी खाती उघडण्याचा आग्रह धरला. २८ ऑगस्ट २०१४ रोजी प्रधानमंत्री जनधन योजना सुरू झाली. शून्य शिलकीचे खाते सांभाळण्याचा खर्च कोण सोसणार, अशी कुजबुज तेव्हा आपल्याही शाखांमध्ये होती, हे वाचकांपैकी कर्मचारी बंधुभगिनींना आठवत असेल. ऑगस्ट २०२४ पर्यंत या खात्यांची संख्या ५३ कोटींवर आणि त्यांतील ठेवी सुमारे २ लाख ३१ हजार कोटी रुपयांवर पोहोचल्या. सरासरी शिल्लक ४,३५२ रुपये. निष्क्रिय खात्यांचा प्रश्न उरला आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पहिल्याच वर्षी ताळेबंद मांडून निर्णय केला असता, तर ही ठेव कधीच उभी राहिली नसती. बी पेरल्याच्या दुसऱ्या दिवशी शेताचा हिशेब मांडायचा नसतो.

आपल्या वहीसाठी पाच प्रश्न

वर्षातून एकदा, मार्चअखेरची धावपळ संपल्यावर, आपल्या पहिल्या दहा ग्राहकांची नावे कागदावर लिहावीत आणि प्रत्येकासमोर पुढील प्रश्नांची उत्तरे स्वतंत्रपणे मांडावीत.

१. या ग्राहकाकडून वर्षभरात विक्री किती, आणि कच्चा माल व मजुरी वजा जाता उरले किती?

२. त्याचे पैसे सरासरी किती दिवसांनी आले, आणि अडकलेल्या रकमेचे व्याज किती झाले?

३. वाहतूक, परत आलेला माल, खास बदल आणि वसुली यांसाठी केवळ त्याच्यापायी किती खर्च झाला?

४. तो पुढच्या वर्षी टिकण्याची शक्यता किती? त्याच्यामुळे कोणी नवे ग्राहक आले का, की कोणी जुने दुरावले?

५. हा ग्राहक उद्या गेला, तर आपला व्यवसाय उभा राहील का?

पाचही उत्तरे लिहून झाल्यावरच मनाचा कौल घ्यावा. तोट्याचा ग्राहक सापडला, तर त्याला लगेच तोडू नये. मागणी एकत्र करून देण्याची विनंती करावी, खास कामाचा वेगळा दर सांगावा, पैशांची मुदत ठरवून घ्यावी. सूक्ष्म व लघु उद्योजकांनी हेही ध्यानात ठेवावे, की २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार त्यांच्या मालाचे पैसे देण्याची मुदत करारानेही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. हक्क माहीत असला, की बोलण्यात नम्रता ठेवूनही ठामपणा येतो.

आमच्या त्या खातेदारांनी हेच केले. हिशेबाचा कागद घेऊन ते मोठ्या पार्टीच्या खरेदी अधिकाऱ्यांना भेटले. आठवड्यातून एकदाच माल पोहोचवण्यास आणि साठ दिवसांत पैसे देण्यास त्या मंडळींनी संमती दिली. मात्र कामाचे प्रमाण जवळजवळ निम्मे झाले. उलाढाल घटली, आणि खाते नियमित होण्यास पुढे चौदा महिने लागले. दुरावलेल्या सहा वर्कशॉपांपैकी तीन परत आली. चार कामगारांपैकी दोघांना पुन्हा बोलावता आले. सोळा वर्षे काम केलेला तो कारागीर मात्र तोवर गावी निघून गेला होता.

तेव्हापासून कर्जाच्या कोणत्याही प्रस्तावावर मोठे नाव दिसले, की मी पेन खाली ठेवून आधी वसुलीचे दिवस मोजत असे. भिंतीवरची ती पाटी आजही आदराने वाचावी. पाठोपाठ आपली वहीही उघडावी. ग्राहकाचा खरा मान राखायचा, तर आपला व्यवसाय टिकला पाहिजे. आणि तो टिकतो चोख हिशेबावर.